जेनकिन्स ‘ऑफलाईन’ म्हणतोय: वाट बंद आहे की सर्टिफिकेट पटत नाहीये?

नवी मुंबईच्या ऐरोली, रबाळे, महापे या पट्ट्यात बँका-इन्शुरन्सची कामं करणारी ऑफिसं भरपूर, आणि तिथल्या सर्व्हरला थेट इंटरनेट सहसा मिळत नाही, जे काय बाहेर जायचं ते प्रॉक्सीतून, म्हणजे कंपनीच्या मधल्या सर्व्हरमधून. अशा मशीनवर जेनकिन्सचं (कोडचं बिल्ड आणि डिप्लॉय आपोआप करणारा सर्व्हर) पॅकेज कसंतरी आत आणून टाकलं, सर्व्हिस चालू झाली, ८०८० पोर्टवर पान उघडलं, सुरुवातीचा पासवर्डही घेतला, आणि प्लगिनच्या पायरीला येऊन तो म्हणतो मी ऑफलाईन आहे. मग लगेच नेटवर्क टीमला तिकीट जातं की फायरवॉल उघडा. माझं म्हणणं एवढंच की तिकीट टाकायच्या आधी लॉग उघडा, कारण या एका मेसेजमागे दोन अगदी वेगळी दुखणी असतात आणि दोघांचा इलाज वेगळ्या टीमकडे असतो.

पहिलं दुखणं म्हणजे रिक्वेस्ट बाहेर पोचतच नाही. लॉगमध्ये ‘कनेक्ट टाइम्ड आऊट’ किंवा ‘अननोन होस्ट’ दिसतं. दुसऱ्यात रिक्वेस्ट पोचते, उत्तरही येतं, पण समोरून आलेलं सर्टिफिकेट (साईटचं ओळखपत्र) जावाला, म्हणजे जेनकिन्स ज्यावर चालतो त्याला, ओळखीचं वाटत नाही म्हणून तो स्वतःच कनेक्शन तोडतो, आणि लॉगमध्ये ‘पीकेआयएक्स पाथ बिल्डिंग फेल्ड’ येतं. कंपनीची प्रॉक्सी एसएसएल इन्स्पेक्शन करत असेल तर हे होणारच, कारण पार्सल गेटवर उघडून तपासून पुन्हा कंपनीच्या सीलने बंद करून आत पाठवावं तसं ती करते, आणि जावाला ते सील माहीत नसतं.

गोंधळ सगळ्यात जास्त होतो तो कर्लमुळे, म्हणजे कमांड लाईनवरून साईट उघडून बघायच्या टूलमुळे. त्याच मशीनवर कर्ल मारला की जेनकिन्सची अपडेट साईट (जिथून प्लगिनची यादी येते) व्यवस्थित उघडते, मग लोक म्हणतात नेट तर आहे, जेनकिन्सच खराब आहे. पण दोन्ही दुखण्यांत कर्ल चालू शकतो, कारणं मात्र वेगळी. पहिल्यात, कर्ल शेलमधला एचटीटीपीएस_प्रॉक्सी व्हेरिएबल वाचतो आणि जावा तो बघतही नाही. दुसऱ्यात, कर्ल लिनक्सची सर्टिफिकेटची यादी वापरतो, त्यात ऍडमिनने कंपनीचं रूट (ज्याच्या सहीवर बाकीची सर्टिफिकेटं मानली जातात ते मूळ सर्टिफिकेट) आधीच टाकलेलं असतं, आणि जावा चालतो स्वतःच्या यादीवर, म्हणजे सीएसर्ट्स फाईलवर, खास करून जेडीके (जावाचं पॅकेज) वेगळा डाउनलोड करून टाकला असेल तर. ‘सर, माझ्या लॅपटॉपवर तर उघडतंय’ याचंही तेच, लॅपटॉपमध्ये ते रूट आयटीने आधीच भरलेलं असतं, त्यामुळे ब्राउझर काही कुरकुर करत नाही.

खात्री करायची तर ओपनएसएसएलच्या एस_क्लायंटने प्रॉक्सीमार्गे अपडेट्स डॉट जेनकिन्स डॉट आयओला जोडून बघा आणि इश्युअरची, म्हणजे सर्टिफिकेट कोणी दिलं त्याची, ओळ वाचा. तिथे कंपनीचं किंवा प्रॉक्सीच्या प्रॉडक्टचं नाव दिसलं की इन्स्पेक्शन आहे, विषय संपला.

पहिल्याचा इलाज सोपा, ऑफलाईनच्या पानावरच प्रॉक्सी भरायचं बटण आहे, ते सेटिंग जेनकिन्सच्या होम फोल्डरमध्ये प्रॉक्सी डॉट एक्सएमएलमध्ये राहतं. नो प्रॉक्सीच्या खान्यात ऑफिसमधला गिट, नेक्सस वगैरे नक्की टाका, आणि लक्षात ठेवा की इथे एका ओळीत एक होस्ट लिहायचा, शेलमध्ये स्वल्पविराम लागतो आणि जावाच्या ऑप्शनमध्ये उभी रेघ. लॉगमध्ये ४०७ आला तर प्रॉक्सीपर्यंत पोचलात, तिला फक्त लॉगिन हवंय. व्हाईटलिस्ट (परवानगीच्या साईटची यादी) मागताना एकट्या अपडेट साईटवर थांबू नका, प्लगिनची यादी तिथून येते पण फाईल उतरवताना गेट डॉट जेनकिन्स डॉट आयओ आणि तिथून पुढे एखाद्या मिररकडे (त्याच फाईली ठेवणाऱ्या दुसऱ्या सर्व्हरकडे) उडी मारली जाते, म्हणून यादी दिसते आणि डाउनलोड मात्र पडतं.

दुसऱ्याला फायरवॉल कितीही उघडली तरी उपयोग नाही. इथे सिक्युरिटी टीमकडून कंपनीचं रूट सर्टिफिकेट मागायचं, साईटसाठी प्रॉक्सीने बनवलेलं नाही, कारण ते बदलत राहतं. सीएसर्ट्सची कॉपी जेनकिन्सच्या फोल्डरमध्ये घ्या, जावाच्या कीटूल कमांडने रूट त्या कॉपीत टाका, पासवर्ड कोणी बदलला नसेल तर ‘चेंजइट’, आणि सर्व्हिसच्या जावा ऑप्शनमध्ये ट्रस्टस्टोअर म्हणून तिचा पाथ देऊन रीस्टार्ट करा. मूळ फाईलमध्ये टाकलं तर जेडीके अपडेट झाला की ते उडू शकतं आणि एके दिवशी सगळं अचानक बंद. सर्टिफिकेट तपासणीच बंद करणारं प्लगिन मिळतं, ते कृपा करून टाकू नका, या सर्व्हरवर प्रॉडक्शनला डिप्लॉय करायचे पासवर्ड असतात आणि प्लगिनचा कोड जेनकिन्सच्या पूर्ण परवानगीने चालतो, तिथे आलेली फाईल कोणाकडून आली हे न बघणं मला अजिबात पटत नाही.

आणि इन्स्टॉल झालं तरी बिल्ड चालवताना हेच दोन प्रश्न पुन्हा येतात, कारण गिट, नोड, डॉकर यांची प्रॉक्सीची आणि सर्टिफिकेटची जागा ज्याची त्याची वेगळी आहे, मावेन जावावर चालतो तरी प्रॉक्सी स्वतःच्या सेटिंग्ज फाईलमधून घेतो, आणि एजंट (जेनकिन्ससाठी बिल्ड चालवणारा) वेगळ्या मशीनवर असेल तर हे सगळं तिथेही करावं लागतं.