ऑडिटर

ऑडिटर (लेखापरीक्षक, हिशेब तपासनीस) : दुसऱ्याने लिहिलेले हिशेब तपासून त्यांवर लेखी मत देणारी व्यक्ती. हिशेब लिहिण्याचे काम त्याचे नव्हे. ज्याने कीर्द (रोजच्या जमाखर्चाची वही) लिहिली त्यानेच ती तपासली, तर तपासणीला अर्थ उरत नाही.

लॅटिन ‘ऑडिरे’ म्हणजे ऐकणे, म्हणून ऑडिटर म्हणजे ऐकणारा. मध्ययुगीन इंग्लंडमध्ये सरंजामदारांचे कारभारी जमाखर्च मोठ्याने वाचून दाखवीत आणि ऑडिटर तो ऐकून पसंत-नापसंत ठरवीत. ऑडिओ, ऑडिशन, ऑडिटोरियम ही याच कुळातली. मराठीने मात्र कान सोडून डोळा धरला : ‘परीक्षक’ हा ‘ईक्ष्’, म्हणजे पाहणे, या धातूवरून आला. ‘तपासनीस’मधला ‘नीस’ फडणीस-चिटणीसांतलाच, फारसी ‘नवीस’ म्हणजे लिहिणारा.

जुना अर्थ काही ठिकाणी टिकून आहे. रोमच्या रोटा या धर्मन्यायालयाचे न्यायाधीश आजही ऑडिटर म्हणवतात. प्राचीन इराणी धर्मसंस्थापक मानी याच्या पंथातले गृहस्थ अनुयायीही ‘ऐकणारे’च होते, आपल्याकडचा ‘श्रावक’ हा शब्द नेमका तसाच घडला आहे.

नागपुरात सिव्हिल लाइन्सच्या ‘एजी ऑफिस’मुळे (एजी म्हणजे अकाउंटंट जनरल, महालेखापाल) एक घोळ कायम होतो. विदर्भ-मराठवाड्यातल्या राज्य कर्मचाऱ्यांची भविष्य निर्वाह निधीची खाती ठेवणारे महालेखापाल (लेखा व हकदारी) कार्यालय ऑडिट करत नाही. लेखापरीक्षेचे महालेखापाल कार्यालय निराळे. दोन्ही भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांच्या अखत्यारीत येतात एवढेच.

गृहनिर्माण संस्थेच्या ऑडिटमध्ये सर्वांत जास्त वेळ बँक ताळमेळात जातो. ३१ मार्चची कीर्दीतली बँक शिल्लक आणि पासबुकातली शिल्लक क्वचितच जुळते : दिलेले पण न वटलेले धनादेश, बँकेने परस्पर कापलेले शुल्क, नोंदवायचे राहिलेले व्याज. हे वजा-मिळवूनही फरक उरला, तर आधी त्याला ९ ने भागून पाहावे. पूर्ण भाग गेल्यास ५४ चे ४५ झाल्यासारखी आकड्यांची अदलाबदल असण्याची शक्यता मोठी. तेरीजपत्रक (सर्व खात्यांच्या जमा-नावे शिलकांचा तक्ता) जुळत नसेल तर फरकाचा निम्मा आकडा शोधावा. जमेची रक्कम नावे पडली असेल तर ती तिथेच सापडते.

पाचशे-हजारांचा फरक ‘अनामत’ (उलगडा न झालेल्या रकमांच्या तात्पुरत्या) खात्यात टाकून ताळेबंद मिटवण्याची सवय वाईट, आणि सर्रास आढळणारीही. अहवालात असे दोष निघाले, की महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम, १९६० च्या कलम ८२ नुसार संस्थेला त्यांची दुरुस्ती करून निबंधकांना कळवावे लागते. त्यासाठीच्या दोषदुरुस्ती अहवालाला व्यवहारात ‘ओ फॉर्म’ म्हणतात. त्यात प्रत्येक दोषासमोर काय दुरुस्ती केली ते लिहायचे असते. नुसते ‘नोंद घेतली’ लिहिल्यास तोच दोष पुढच्या वर्षीच्या अहवालात पुन्हा येतो.