आजारी मुलांची इच्छापूर्ती : ‘अखेरची’ हा शब्द आला कुठून?

गंभीर आजारी मुलाची एखादी मोठी इच्छा पूर्ण करून देणाऱ्या संस्थांविषयी मराठीत लिहिले जाते, तेव्हा मथळ्यात पुष्कळदा ‘अखेरची इच्छा’ हे शब्द येतात. त्यांना इतिहासाचा आधार आहे, पण तो १९८० सालचा.

अमेरिकेत १९७६ मध्येच फिलाडेल्फियाच्या एका पोलिसाने अशा कामासाठी संस्था काढली होती. तरी जगभर पसरला तो नमुना ॲरिझोनातील फिनिक्स शहरात घडला. ल्युकेमिया (रक्ताचा कर्करोग) झालेल्या तिथल्या सात वर्षांच्या एका मुलाला पोलीस व्हायचे होते. एप्रिल १९८० च्या अखेरीस राज्याच्या महामार्ग पोलिसांनी त्याला हेलिकॉप्टरमधून आणले, त्याच्या मापाचा गणवेश शिवून घेतला आणि बॅटरीवर चालणाऱ्या चिमुकल्या मोटारसायकलवर त्याची रीतसर परीक्षाही घेतली. मोटारसायकलस्वार पोलिसांना मिळणारा पंखांचा बिल्ला त्याच्यापर्यंत पोहोचला तेव्हा तो रुग्णालयात होता, आणि ३ मे रोजी तो गेला. इलिनॉयमधील दफनविधीला दोन अधिकारी गेले. परतीच्या प्रवासात त्यांच्यात जे बोलणे झाले, त्यातून त्याच वर्षी ‘मेक-अ-विश’ ही संस्था उभी राहिली.

मूळ प्रसंगच असा असल्यामुळे इच्छा आणि मृत्यू यांची सांगड घट्ट बसली. इंग्रजीत तेव्हा रूढ असलेली संज्ञा ‘टर्मिनल’, म्हणजे ज्याचा शेवट ठरलेला आहे असा रुग्ण. पुढे ‘जिवाला धोका असलेला आजार’ हा शब्दप्रयोग आला आणि अलीकडे ‘गंभीर आजार’ हा त्याहून सौम्य शब्द पुढे करण्यात आला. वरवर पाहता हा शिष्टाचाराचा भाग वाटेल, परंतु त्यामागे वैद्यकातील बदल आहे. १९६० च्या दशकाच्या प्रारंभी मुलांमधील सर्वाधिक आढळणाऱ्या ल्युकेमियातून फार थोडी मुले वाचत. आज प्रगत उपचार मिळणाऱ्या देशांत सुमारे ९० टक्के मुले त्यातून बाहेर पडतात. ज्या आजाराने ही संस्था जन्माला घातली, त्याच आजाराचे मूल आता इच्छा पूर्ण झाल्यावर पुन्हा शाळेत जाऊन बसण्याची शक्यता अधिक.

शब्द बदलला तरी पात्रतेचा वाद मिटलेला नाही. आजार वाढत जाणारा, शरीर खिळखिळे करणारा किंवा कर्करोगाच्या स्वरूपाचा असावा आणि त्यामुळे जीव धोक्यात आलेला असावा, ही अट तशीच राहिली असून तिचा निर्णय उपचार करणाऱ्या डॉक्टरांच्या अभिप्रायावर होतो. साहजिकच जन्मभराचे अपंगत्व असलेले, पण जिवाला धोका नसलेले मूल अनेकदा बाहेर राहते. त्या मुलाच्या आईवडिलांना हे कसे समजावणार, याला समाधानकारक उत्तर नाही. देणगीच्या पैशाला कुठेतरी सीमा आखावीच लागते, एवढेच फार तर म्हणता येते. मराठीतील ‘दुर्धर आजार’ ही संज्ञा तर असाध्य, जीवघेणा आणि दीर्घकाळचा या तिन्ही अर्थांनी वापरली जात असल्यामुळे गोंधळात भरच टाकते.

नोव्हेंबर २०१३ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत पाच वर्षांच्या एका मुलासाठी एक दिवस शहराच्या काही भागाचे रूप पालटण्यात आले आणि ‘बॅटमॅन’सारख्या वटवाघळाच्या वेशातील या छोट्या वीराला पाहायला हजारो लोक रस्त्यावर आले. ल्युकेमियावर उपचार घेतलेल्या या मुलाचा आजार तेव्हा आटोक्यात होता. म्हणजे ही इच्छा कोणत्याही अर्थाने अखेरची नव्हती. लगोलग एका नामवंत नीतितज्ञाने विचारले की, एका इच्छेवर होणाऱ्या सरासरी साडेसात हजार डॉलरच्या खर्चात मलेरियापासून किती मुलांचे प्राण वाचले असते? हिशेब खोटा नव्हता. मात्र तो मान्य केला, तर ज्या दानाने जीव वाचत नाही ते सारेच दान त्यात अडकते.

त्यानंतरच्या काळात इच्छापूर्तीचे समर्थन उपचारांच्या भाषेत होऊ लागले : मुलाला वाट पाहायला काही मिळाले की कंटाळवाणे, वेदनादायी उपचार सोसण्याचे बळ येते, अशी मांडणी डॉक्टरही करतात. म्हणूनच इच्छा विचारण्यापासून ती पूर्ण होईपर्यंतचे महिने आता कामाचाच भाग धरले जातात. प्रकृती झपाट्याने खालावणाऱ्या मुलांसाठी मात्र तातडीची वेगळी वाट ठेवलेली असते, आणि १९८० चा मूळ अर्थ आज मुख्यतः तेवढ्यापुरता उरला आहे.