चाक तेवढंच, रिम मोठी

फोक्सवॅगनच्या पोलो जीटीला नवे अलॉय, म्हणजे मिश्रधातूच्या रिम, घ्यायचे ठरले की पहिला प्रश्न ठरलेला: सोळा इंची की सतरा? ही हौस ज्या गाडीने लावली, ती स्वतः मात्र तेरा इंची चाकांवर धावत होती.

१९७६ साली पश्चिम जर्मनीत फोक्सवॅगनचीच गोल्फ जीटीआय विक्रीला आली. १.६ लिटरचं इंजिन, ११० पीएस (अश्वशक्ती), वजन जेमतेम आठशे किलोंच्या घरात. साध्या गोल्फला १५५ एसआर १३ असा टायर यायचा. जीटीआयला साडेपाच इंच रुंद रिमवर १७५/७० एचआर १३ दिला गेला. या आकड्या-अक्षरांत बरंच काही दडलंय. पहिला आकडा टायरची रुंदी मिलिमीटरमध्ये, शेवटचा रिमचा व्यास इंचांत. 'एस' टायर ताशी १८० किलोमीटरपर्यंत चालतो, 'एच' २१० पर्यंत. जीटीआयचा कमाल वेग होता १८२! दोन किलोमीटरसाठी 'एस' बाद झाला. '७०' म्हणजे टायरच्या भिंतीची उंची रुंदीच्या ७० टक्के; जुन्या टायरवर हा आकडा नसायचा, तिथे साधारण ८२ धरायचे. गणित केलं तर जुन्या चाकाचा व्यास ५८४ मिलिमीटर भरतो, जीटीआयच्या चाकाचा ५७५. टायर रुंद झाला, पण चाक जवळपास तेवढंच राहिलं.

त्याच दशकात पिरेलीचा पी७ पोर्शे ९११ टर्बोवर चढला. भिंत रुंदीच्या निम्मी, आणि तरी वळणावर घट्ट पकड. मग बुटक्या टायरची ओढ छोट्या गाड्यांनाही लागली. १९८३ मध्ये जीटीआयची 'पिरेली' आवृत्ती निघाली. तिच्या चौदा इंची अलॉयमधली भोकं चक्क इंग्रजी 'पी' अक्षराच्या आकाराची होती. टायर १८५/६० आर १४, व्यास ५७८. हौशी मालक पुढे १९५/५० आर १५ घालू लागले, त्याचा व्यास ५७६. तेरापासून पंधरापर्यंत रिम दोन इंचांनी वाढली आणि चाकाची उंची तीन मिलिमीटरसुद्धा बदलली नाही. स्पीडोमीटर, गिअरिंग, मडगार्डमधली जागा, सगळं जिथल्या तिथे. रिम एक इंच वाढली की 'प्लस वन', दोन वाढली की 'प्लस टू' म्हणतात ते हेच.

रिम वाढण्यामागे ब्रेकही होते, हे फार कमी जण लक्षात घेतात. पहिल्या जीटीआयची पुढची डिस्क २३९ मिलिमीटरची होती, पाचव्या पिढीची ३१२. एवढी डिस्क आणि वर तिला चिमटीत धरणारा कॅलिपर तेरा इंची रिममध्ये मावणारच नाही. त्या पिढीचे आकार पाहा: २०५/५५ आर १६, २२५/४५ आर १७, २२५/४० आर १८. व्यास ६३२, ६३४, ६३७. नियम तोच.

इंचांइतकीच किंमत ऑफसेटला, म्हणजे रिमचा मध्य हबला टेकणाऱ्या तिच्या पृष्ठभागापासून किती आत आहे त्याला, द्यायला हवी, आणि आपल्याकडे दुकानात सर्वांत कमी बोललं जातं ते यावरच. गोल्फच्या पुढच्या चाकांची रचना अशी, की स्टिअरिंग ज्या रेषेभोवती वळतं ती रेषा जमिनीला टायरच्या मध्याच्या थोडी बाहेर टेकते. त्यामुळे एका बाजूच्या चाकाने जास्त ब्रेक धरला तरी स्टिअरिंग आपोआप उलट्या दिशेने सावरतं आणि गाडी सरळ राहते. कर्णरेषेत विभागलेल्या ब्रेकसाठी (एका सर्किटवर पुढचं एक चाक आणि तिरक्या बाजूचं मागचं) हे फार मोलाचं होतं: एक सर्किट गेलं तर पुढचं एकच चाक ब्रेक धरतं. आता ईटी ३८ च्या, म्हणजे ३८ मिलिमीटर ऑफसेटच्या, जागी ईटी २० ची रिम लावा. चाकाचा मध्य १८ मिलिमीटर बाहेर सरकतो. गाडी दिसते ऐटदार, पण ती सावरण्याची सोय तिथेच संपते.

पोलो चाकणला बनायची. २०१३ च्या जीटी टीएसआयला १८५/६० आर १५ होते, व्यास ६०३. युरोपातल्या पोलो जीटीआयला २१५/४० आर १७ यायचे, व्यास ६०४. गणित चोख, पण भिंत १११ वरून ८६ मिलिमीटरवर येते. पावसाळ्यात पाण्याने भरलेल्या खड्ड्यात हे पंचवीस मिलिमीटरच रिम वाचवतात. जीटीला नंतर मिळालेल्या १९५/५५ आर १६ मध्ये भिंत १०७ राहिली. बदल्यात चाक तीन टक्क्यांनी मोठं झालं. पंधरा इंचीच्या जागी हे टायर घातले आणि काटा शंभरावर असला, तर गाडी आधीपेक्षा तीन किलोमीटर जास्त वेगात असते.

माझ्या पोलोला एकदा बाहेरचे अलॉय लावले होते. पीसीडी ५×१००, म्हणजे १०० मिलिमीटरच्या वर्तुळावर पाच बोल्ट, बरोबर जुळला, पण रिमचं मधलं भोक ७३.१ मिलिमीटरचं आणि ते ज्यावर बसतं तो गाडीचा हब ५७.१ चा. दुकानदाराने मधली फट भरणारी रिंग न घालताच बोल्ट आवळले. नव्वदच्या पुढे स्टिअरिंग थरथरायला लागलं. दोनदा बॅलन्सिंग करूनही फरक पडेना. शेवटी चाक उतरवलं, तेव्हा हबच्या कडेभोवती आठ मिलिमीटरची फट उघडी दिसली. प्लॅस्टिकच्या चार रिंगा घातल्या आणि थरथर थांबली.

पुढच्या खेपेला मी कंपनीच्याच पंधरा इंची रिमवर १९५/६० घातले. भिंत ११७, गाडी सहा मिलिमीटर उंच. काटा शंभरावर असला तर वेग दोन किलोमीटर जास्त, बाकी काही बदललं नाही.