तीन भागांचं इंजिन, म्हणून स्वस्तात बांधून होतं?

‘रोटरी इंजिनात हलणारे भाग तीनच, त्यामुळे ते घरच्या घरी स्वस्तात बांधता येतं’, असं वर्षानुवर्षं फिरतंय. मोजणी चुकीची नाही. माझदाच्या आरएक्स-७ या स्पोर्ट्स कारमधल्या १३बी या रोटरी इंजिनात मुख्य हलणारे भाग खरंच तीन: दोन रोटर (पिस्टनऐवजी फिरणारे तिकोनी भाग) आणि एक शाफ्ट. पण यात सील, म्हणजे वायूची गळती रोखणारे बारीक भाग, धरलेले नाहीत.

प्रत्येक रोटरच्या टोकांना ३, कडांना ६ आणि कोपऱ्यांत ६ सील. दोन रोटरचे झाले ३०, शिवाय त्यांच्या स्प्रिंगा. कडेचा सील तर कानशीनं घासत, फीलर गेजनं फट मोजत एकेक बसवावा लागतो. संयमाचं काम!

खर्च मात्र बहुतेक हाउसिंगवर, म्हणजे रोटर ज्यात फिरतो त्या कवचावर, ठरतो. पिस्टनच्या इंजिनात सिलिंडर झिजला की बोअर करून मोठे पिस्टन टाकतात. इथे आतला क्रोमचा थर उडाला की ती सोय नाही. सहसा हाउसिंगच बदलावं लागतं.

जुनी गाडी घेताना तपासायचं असेल तर गरम इंजिनाचं कम्प्रेशन (आत हवा दाबली जाते तो दाब) बघा. साधं गेज रोटरच्या तीन बाजूंपैकी सर्वांत चांगलीचाच आकडा धरून ठेवतं. तिन्ही आकडे वेगवेगळे दाखवणारं रोटरीचं गेजच लावायला सांगा.