दुष्काळ आणि वाळवंटीकरण: साहेलमधल्या या दोन गोष्टी एक नाहीत

आफ्रिकेतल्या साहेलची, म्हणजे सहाराच्या दक्षिणेला सेनेगलपासून पार सुदानपर्यंत पसरलेल्या पट्ट्याची बातमी आली की तडे गेलेली जमीन आणि मेलेली गुरं असा फोटो असतो, खाली कधी दुष्काळ लिहिलेलं असतं तर कधी वाळवंटीकरण. दोन्ही एकच आहे असं बहुतेकांना वाटतं. तसं नाहीये, आणि हा घोळ घातल्यामुळे उपायही बरीच वर्षं चुकत गेले.

दुष्काळ म्हणजे पाऊस नेहमीपेक्षा खूप कमी पडणं. तो येतो, कधी वर्षानुवर्षं मुक्काम ठोकतो, पण जातो. दक्षिण आफ्रिकेतलं केपटाऊन बघा, २०१५ पासून ओळीने तीन वर्षं पावसाने दगा दिला, २०१८ च्या सुरुवातीला माणशी दिवसाला ५० लिटर पाण्याची मर्यादा आली, नळ बंद करायच्या 'डे झीरो'ची तारीख पण काढली गेली, मग त्याच वर्षी पाऊस झाला, धरणं भरायला लागली आणि तो दिवस आलाच नाही.

वाळवंटीकरणात असं होत नाही. तिथे कोरड्या प्रदेशातल्या जमिनीचा कसच जातो. झाडं तुटतात, शेताला पडीक ठेवून विश्रांती मिळत नाही, एकाच विहिरीभोवती गुरांची गर्दी होते, मग वरची माती वाऱ्याने आणि पाण्याने निघून जाते आणि खाली उरलेल्या जमिनीवर असा कडक पापुद्रा धरतो की चांगला पाऊस पडला तरी पाणी मुरत नाही, वरच्यावर वाहून जातं. दुष्काळात आकाशातून पाणी येत नाही, वाळवंटीकरणात आलेलं पाणी जमीन घेत नाही. त्यामुळे ओळखायचं कसं तर पाऊस पूर्ववत झाल्यावर गवत परत येतंय का ते बघायचं. आलं तर तो दुष्काळ होता. पाऊस येऊनही जमीन उघडीच राहिली तर दुखणं जमिनीत आहे.

आणि हो, सहारा स्वतः यात येत नाही, ते मुळातच वाळवंट आहे. १९९४ च्या संयुक्त राष्ट्रांच्या करारातही वाळवंटीकरणाच्या व्याख्येतून अतिकोरडे प्रदेश वगळलेत.

घोळ झाला तो १९७० च्या दशकात. १९६८ च्या सुमाराला सुरू झालेल्या दुष्काळाने साहेलमध्ये माणसं आणि गुरं प्रचंड संख्येने गेली, आणि १९७५ मध्ये सुदानमधल्या एका पाहणीने सांगितलं की वाळवंट १७ वर्षांत ९० ते १०० किलोमीटर दक्षिणेकडे सरकलं. 'सहारा चालून येतोय' हे चित्र सगळ्यांच्या डोक्यात बसलं ते तेव्हापासून. पण ज्याच्याशी तुलना केली ते १९५० चं दशक तिथे चांगल्या पावसाचं होतं आणि ही पाहणी दुष्काळाच्या पाठोपाठची, मग झाडोरा मागे हटलेला दिसणारच ना! पुढे उपग्रहाच्या फोटोंवरून कळलं की तिथली हिरवळ पावसाबरोबर पुढे-मागे होत असते. पाऊस का आटला तर मुख्य कारण समुद्रांच्या बदललेल्या तापमानात सापडलं, पण तोपर्यंत दोष गुराख्यांच्या माथी मारून झाला होता. हे मला फार लागतं, कारण ज्यांचं सगळ्यात जास्त नुकसान झालं त्यांनाच गुन्हेगार ठरवलं गेलं.

अर्थात दोन्हीचा संबंध आहेच. दुष्काळात पोटासाठी लोक झाडं तोडून लाकूड विकतात, जमीन आणखी उघडी पडते आणि पुढच्या दुष्काळाचा तडाखा मग जास्त बसतो.

उपाय मात्र वेगळे. दुष्काळात धान्य, चारा, पाणी आणि वेळेवर इशारा लागतो. कस गेलेल्या जमिनीवर धान्याची पोती उतरवून काही होत नाही, तिथे पाणी मुरवावं लागतं. बुर्किना फासोच्या याटेंगा भागात याकूबा सावाडोगो यांनी तेच केलं, 'झाई' ही खड्डे खणायची जुनी पद्धत त्यांनी सुधारली, उन्हाळ्यातच कडक जमिनीत लहान खड्डे घेऊन त्यात शेणखत टाकायचं, त्यामुळे वाळवी येते, ती जमीन पोखरते आणि पहिल्या पावसाचं पाणी थेट आत जातं. नायजरमध्ये तर शेतकऱ्यांनी रोपं न लावताच, तोडलेल्या झाडांच्या जिवंत बुंध्यांना फुटलेले धुमारे राखून जवळजवळ ५० लाख हेक्टरवर झाडं उभी केली. झाड सरकारचं असतं तोवर ते राखायचं कोणाला सुचणार, ते आपलं वाटायला लागल्यावर शेतकरी त्याला जपायला लागला.

आफ्रिकन युनियनने २००७ मध्ये हाती घेतलेली 'ग्रेट ग्रीन वॉल' पण आधी याच गैरसमजावर उभी होती, वाळवंट चालून येतंय तर ८,००० किलोमीटर लांब झाडांची भिंत घाला. आता तिचा अर्थ बदललाय, भिंतीऐवजी गावागावातली शेतं, कुरणं आणि झाडं मिळून २०३० पर्यंत १० कोटी हेक्टर जमीन सुधारायचं लक्ष्य आहे. २०२० च्या आढाव्यात मुख्य पट्ट्यात जेमतेम ४० लाख हेक्टर झाली होती. म्हणून या योजनेची बातमी वाचताना किती रोपं लावली यापेक्षा चार-पाच पावसाळ्यांनंतर त्यातली किती जगली आणि ती राखायचा हक्क कोणाकडे आहे हे शोधा.