विमानातील आपत्कालीन दाराजवळची आसने

प्रवासी विमानात संकटकाळी बाहेर पडण्याच्या दाराला लागून असलेली आसनांची ओळ. बोलण्यात ‘एमर्जन्सी एक्झिटची सीट’. दारापर्यंतची वाट अडू नये म्हणून इथे पुढच्या ओळीपासूनचे अंतर जास्त ठेवतात. त्यामुळे पाय पसरायला जागा मिळते, आणि विमान कंपन्या तेवढ्यासाठी जादा पैसे घेतात. वेळ आली तर दार उघडण्याचे काम त्याच आसनावरच्या माणसाकडे येते, ही गोष्ट पैसे भरताना बहुतेकांच्या ध्यानीमनी नसते.

‘संकटकाळी बाहेर पडण्याचा मार्ग’ ही अक्षरे सांगली-साताऱ्याच्या माणसाला एसटीमुळे पाठ असतात. एसटीत खिडकीतून रुमाल टाकला की जागा धरली. त्या दाराशी कोण बसले आहे याची चौकशी कंडक्टर करत नाही. विमानात ती होते. लहान मुले, तान्हे बाळ घेतलेले, गरोदर स्त्रिया, हातापायांत पुरेसे बळ नसलेले किंवा सूचना न समजणारे प्रवासी यांना इथे बसू देत नाहीत. अमेरिकेच्या नियमात किमान वय १५ वर्षे आहे, आणि ज्याला ही जबाबदारी नको असेल त्याला कारण न सांगता जागा बदलून मागता येते. कर्मचारी प्रत्येकाला समोर उभे राहून सूचना देतात आणि मदतीची तयारी आहे का ते विचारतात. पायाशी ठेवलेली पिशवी वरच्या कप्प्यात जाते.

एवढी काटेकोरी का, हे मँचेस्टरच्या दुर्घटनेवरून कळते. २२ ऑगस्ट १९८५ रोजी धावपट्टीवर बोइंग ७३७ विमानाच्या इंजिनाने पेट घेतला. पंखावरच्या उजव्या दाराशी बसलेल्या प्रवाशाने घाईत मूठ समजून आसनाचा हात ओढला. शेजारच्या व्यक्तीने खरी मूठ ओढली तेव्हा सुमारे २२ किलोचा झाकणासारखा दरवाजा आत, त्या प्रवाशाच्याच अंगावर पडला. मागच्या ओळीतल्या माणसाने तो उचलल्यावर वाट मोकळी झाली. तोवर विमान थांबून पाऊण मिनिट गेले होते. ५५ जण दगावले, बहुतेक धुराने. ४४ पेक्षा जास्त आसनांच्या विमानाला निम्मीच दारे वापरून, अंधारात, ९० सेकंदांत सगळे बाहेर पडतात हे चाचणीत दाखवावे लागते. त्या हिशेबात पाऊण मिनिट म्हणजे निम्मा वेळ. या दुर्घटनेनंतर ब्रिटनमध्ये या दारांकडे जाणारी वाट रुंद करण्यात आली.

भारतात मूळ भाड्यापासून काही सेवा वेगळ्या काढून त्यांचे शुल्क घ्यायला नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाची मुभा आहे. पसंतीची जागा ही त्यांतलीच एक. शुल्क प्रवाशाने स्वतः निवडले तरच घ्यायचे, अशी अट आहे. एप्रिल २०२४ मध्ये महासंचालनालयाने १२ वर्षांपर्यंतच्या मुलाला त्याच तिकिटावरील पालकाशेजारी जागा देण्यास सांगितले. मूल दाराच्या ओळीत बसू शकत नाही, तेव्हा पालकानेच तिथून उठायचे. भरलेल्या पैशांचे काय, हे त्या त्या कंपनीच्या अटींवर.

खरी खोच पुढेच आहे. पैसे मोजणारा हा बहुधा उंच माणूस असतो, नाहीतर गुडघे दुखणारा. उंच माणूस चालेल. पण गुडघेदुखी असलेल्याला पाय लांब करायला जागा हवी असते, आणि दाराशी नेमका तोच नको असतो. सांगली जिल्ह्याच्या खानापूर-आटपाडी भागातली गलाई (सोने-चांदी गाळण्याच्या) व्यवसायातली कुटुंबे देशभर पांगलेली आहेत. गावाकडच्या आईवडिलांना विमानाने बोलावताना मुलगा प्रेमाने ऐसपैस जागा निवडतो आणि चेक-इनला आईला उठवतात. उलट, शुल्कापायी कोणीच ती जागा घेतली नाही तर ओळ रिकामी राहते आणि दाराशी कोणी नसते.

सांगली आणि सातारा या दोन्ही जिल्ह्यांतून नियमित प्रवासी विमान सुटत नाही. कराडला धावपट्टी आहे, सांगलीजवळच्या कवलापूरची जुनी पडून आहे. लोक कोल्हापूर किंवा पुणे गाठतात. पुण्याच्या मोठ्या विमानांत ही ओळ पंखावर, मधोमध असते. कोल्हापूरला येणाऱ्या एटीआर-७२ या लहान विमानाचे पंख छताला असल्याने तिथे दार नसते. प्रवासी मागच्या दाराने चढतात आणि आपत्कालीन दारे पुढे असतात, म्हणून पुढची जागा मिळाल्याच्या आनंदात ती हीच जागा आहे हे लक्षात येत नाही. डिसेंबर २०२२ मध्ये चेन्नईहून तिरुचिरापल्लीला निघालेल्या अशाच विमानाचे दार जमिनीवर असतानाच एका प्रवाशाकडून उघडले गेले आणि तपासणी होईपर्यंत उड्डाण थांबले.

उंचावर आतल्या हवेच्या दाबामुळे दार हाताने उघडत नाही. जमिनीजवळ तो अडसर उरत नाही. २६ मे २०२३ रोजी दक्षिण कोरियात देगूला उतरणाऱ्या एशियाना एअरलाइन्सच्या विमानात दाराशेजारच्या प्रवाशाने सुमारे २१३ मीटर उंचीवर दार उघडले. विमानातले १९४ प्रवासी बचावले, आणि कंपनीने त्याच प्रकारच्या ए३२१ विमानांतल्या दाराशेजारच्या त्या जागांची विक्री थांबवली.