मास्लोचा पिरॅमिड, अंबडची चेकशीट आणि एमबीएच्या वर्गातला पुरावा

मानसशास्त्रज्ञ मास्लोचा गरजांचा पिरॅमिड माहीत नाही असा एमबीएचा पोरगा नाशकात शोधून सापडणार नाही, कॉलेज रोडपासून आडगावपर्यंत कुठेही विचारा, पाच थर काढून नावं लिहून मोकळा होईल, मार्क फिक्स. पण तो पिरॅमिड मास्लोने काढलेलाच नाही हे वर्गात फारसं कुणी सांगत नाही. त्याचा मूळ लेख १९४३ चा, त्यात गरजांची उतरंड आहे, त्रिकोण नाही. त्रिकोण आला १९६० मध्ये, चार्ल्स मॅकडर्मिड नावाच्या एका कन्सल्टंटच्या लेखात, आणि हे सुद्धा २०१९ मध्ये काही संशोधकांनी जुने कागद उकरल्यावर बाहेर पडलं. बरं चित्र कुणी का काढेना, १९७६ मध्ये या थिअरीवर झालेल्या अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला तेव्हा खालची गरज भागली की मगच वरची जागी होते याला फारसा आधार मिळाला नव्हता. आज पन्नास वर्षं होत आली त्याला. आपल्याकडे प्रश्न अजून तोच आणि उत्तरही तेच.

हे सांगायचं कारण म्हणजे एव्हिडन्स बेस्ड मॅनेजमेंट. पोरांना मॅनेजमेंटचे निर्णय पुराव्यावरून घ्यायला शिकवा अशी चर्चा हल्ली आपल्याकडच्या सेमिनारमध्ये पण ऐकू येते, आणि बऱ्याच जणांचा समज असा की हे डेटा अ‍ॅनालिटिक्सचंच नवीन पॅकिंग आहे. तसं नाहीये, याचा उगम वेगळा आहे आणि तो मॅनेजमेंटमध्ये नाहीच, डॉक्टर लोकांमध्ये आहे.

कॅनडात हॅमिल्टन गावात मॅकमास्टर युनिव्हर्सिटी आहे. तिथल्या मेडिकल स्कूलने १९६९ पासूनच लेक्चर कमी करून छोट्या गटांत प्रत्यक्ष पेशंटच्या समस्येवरून शिकवायला सुरुवात केली होती, आणि डेव्हिड सॅकेट तिथे पोरांना रिसर्च पेपर नुसता वाचायचा नाही तर तपासायचा कसा हे शिकवत होते. तिकडे ब्रिटनमध्ये आर्ची कॉक्रन यांनी १९७२ मध्ये सरळ प्रश्न टाकला की आपण देतो त्यातले किती उपचार खरंच लागू पडतात हे कुणी मोजलंय का, आणि त्यांच्याच नावाने १९९३ मध्ये अभ्यासांचे आढावे घेणारं जागतिक नेटवर्क उभं राहिलं. एव्हिडन्स बेस्ड मेडिसिन हे नाव मॅकमास्टरच्याच गॉर्डन गायट यांनी १९९१ मध्ये छापून आणलं आणि १९९२ मध्ये त्यांच्या गटाचा जो गाजलेला लेख आला त्याच्या शीर्षकातच ही मेडिसिन शिकवण्याची नवी पद्धत आहे असं म्हटलं होतं. माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची गोष्ट हीच आहे, लोक याला कन्सल्टंटची टूल समजतात पण ही चळवळ पहिल्यापासून वर्गातली होती. सर म्हणाले म्हणून हे औषध, ही सवय मोडायची होती. सॅकेटनी १९९६ मध्ये परत स्पष्ट केलं की नुसता रिसर्च म्हणजे पुरावा नाही, डॉक्टरचा अनुभव आणि पेशंटला काय हवंय हे पण त्यात धरायचं.

महाराष्ट्राचं आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ मध्ये स्थापन झालं आणि ते आपल्याच म्हसरूळला आहे. म्हणजे ज्या विषयात हे सगळं जन्मलं त्या विषयाचं राज्याचं मुख्यालय दिंडोरी रोडवर, आणि मॅनेजमेंटची कॉलेजं त्याच शहरात, पण एकमेकांच्या वर्गात काय चाललंय याची दोघांनाही खबर नाही.

आता मॅनेजमेंटकडे. अमेरिकेत व्हार्टन बिझनेस स्कूल १८८१ चं, हार्वर्ड बिझनेस स्कूल १९०८ चं. हार्वर्डने केस मेथड, म्हणजे एखादं खरं प्रकरण वाचून त्यावर वर्गात चर्चा करायची पद्धत, घेतली ती वकिलीच्या शिक्षणातून, लॉ स्कूलमध्ये ती १८७० पासून होती आणि बिझनेसमध्ये ती पक्की रुजली १९१९ नंतर, वॉलेस डॉनम डीन असताना. पद्धत चांगलीच आहे, पोरं बोलायला लागतात, भूमिका घेतात. पण एक गोम आहे. कोर्टात आधीचा निकाल हा खरोखरच पुरावा असतो, पुढच्या खटल्यात तो चालतो. धंद्यात एका कंपनीने काहीतरी केलं आणि ती वर आली म्हणजे त्यामुळेच वर आली हे कुठे सिद्ध होतं? तेच करून बुडालेल्या कंपन्यांची केस कोण लिहायला बसतंय.

अमेरिकेत पण हे खुपायला लागलं होतं. १९५९ मध्ये फोर्ड आणि कार्नेगी या दोन फाउंडेशनचे रिपोर्ट आले आणि त्यांनी बिझनेस स्कूलची बिनपाण्याने केली, शिक्षण उथळ आहे, संशोधन नाही म्हणून. मग पैसा आला, पीएचडी झालेले लोक आले, जर्नल्स निघाली, आणि लंबक पार दुसऱ्या टोकाला गेला. संशोधन भरपूर झालं पण ते प्राध्यापकांनी प्राध्यापकांसाठी लिहिलेलं, मॅनेजर वाचेल अशी भाषाच नाही. याच काळात, १९६१ मध्ये, आपल्याकडे कलकत्ता आणि अहमदाबाद आयआयएम सुरू झाल्या, कलकत्त्याने एमआयटीचा हात धरला आणि अहमदाबादने हार्वर्डचा. तिथून केस मेथड देशभर झिरपत झिरपत खाली आली, आणि आपल्या लेव्हलला पोचेपर्यंत तिचं झेरॉक्सवर झेरॉक्स झालं. केस वाचा, स्वॉट म्हणजे कंपनीच्या जमेच्या बाजू, उणिवा, संधी आणि धोके काढा, शिफारशी लिहा, संपलं. शिफारस बरोबर आहे हे कशावरून, हा प्रश्न राहिला तो राहिलाच.

आणि हे सगळं चालू असताना अंबड-सातपूरच्या कारखान्यांत, शॉप फ्लोअरवर काय चाललं होतं ते बघा. वॉल्टर शूहार्टने अमेरिकेत बेल समूहाच्या वेस्टर्न इलेक्ट्रिक कंपनीत कंट्रोल चार्ट, म्हणजे मालातला फरक नेहमीचा की बिघाडामुळे हे दाखवणारा आलेख, काढला १९२४ मध्ये. हाच माणूस १९४७-४८ मध्ये संख्याशास्त्रज्ञ महालनोबिसांच्या बोलावण्यावरून भारतात येऊन गेला, म्हणजे अमेरिकेचे क्वालिटीवाले डेमिंग जपानला शिकवायला गेले १९५० मध्ये, त्याच्या आधी. पुढे जपान्यांनी त्यातून जे केलं ते क्वालिटी सर्कल आणि सेव्हन क्यूसी टूल्स (क्वालिटी तपासायची सात साधनं) बनून आपल्याकडे परत आलं. ओझरला एचएएलचा विमान कारखाना १९६४ पासून, मग महिंद्रा, मायको म्हणजे आताची बॉश, आणि त्यांच्या भोवती शेकडो व्हेंडर. या व्हेंडरकडे आयटीआय केलेला ऑपरेटर शिफ्टला चेकशीट भरतो, रिजेक्शन वाढलं की सुपरवायझर पॅरेटो लावतो म्हणजे सगळ्यात मोठे दोष आधी शोधतो, फिशबोन म्हणजे कारणांचा आराखडा काढतो, व्हाय-व्हाय म्हणजे पुन्हा पुन्हा 'का' विचारतो, काउंटरमेजर म्हणजे उपाय करतो आणि पुढच्या महिन्यात पीपीएम, म्हणजे दहा लाखात किती पीस खराब, खाली आलं का ते परत बघतो, कारण कस्टमर ऑडिटमध्ये "मला वाटतं" चालत नाही. त्याला कुणी एव्हिडन्स बेस्ड वगैरे म्हणत नाही. आणि त्याच कंपनीत वरच्या मजल्यावर एमबीए झालेला एचआर माणूस इंटरव्ह्यूत गाव कुठलं, वडील काय करतात विचारून "पोरगा बरा वाटतोय" म्हणून सिलेक्शन करतो. मला तर ही तफावतच या विषयाचं मूळ वाटते, नाशकात पुराव्याची सवय नव्हती असं नाही, ती मशीनपाशी होती, केबिनमध्ये नव्हती.

तसं पाहिलं तर बाजाराची शिस्तीत पाहणी करायची परंपरा पण आपल्याकडे जुनी आहे. धनंजयराव गाडगीळ, जन्म नाशिकचाच, १९०१ चा, पुण्यात १९३० मध्ये गोखले इन्स्टिट्यूट सुरू झाली तेव्हाचे पहिले संचालक. त्यांनी त्या दशकात पुण्यातल्या फळबाजाराची आणि सहा जिल्ह्यांतल्या मोटारबस वाहतुकीची पाहणी केली. एमबीए हा शब्द इकडे कुणाला माहीतही नसेल तेव्हा. पण ते अर्थशास्त्राच्या खात्यात गेलं, मॅनेजमेंटच्या सिलॅबसने त्याच्याकडे वळून पाहिलं नाही.

मॅनेजमेंटमध्ये खरी ठिणगी पडली २००० नंतर. २००२ मध्ये अमेरिकेत जवळपास हजार एचआरवाल्यांना साधी चूक की बरोबर विधानं दिली, संशोधनात काय सापडलंय यावर, आणि बऱ्याच ठिकाणी त्यांची समजूत आणि संशोधन यांचं जमेना. २००३ मध्ये ब्रिटनमधल्या ट्रॅनफिल्ड वगैरे मंडळींनी मेडिसिनसारखे पद्धतशीर आढावे मॅनेजमेंटमध्ये कसे घ्यायचे ते मांडलं. मग २००५ मध्ये कार्नेगी मेलनच्या डेनिस रूसो यांनी अ‍ॅकॅडमी ऑफ मॅनेजमेंटच्या अध्यक्षीय भाषणात हाच विषय घेतला, आणि २००६ मध्ये स्टॅनफर्डच्या फेफर आणि सटन यांनी तो मॅनेजर लोकांपर्यंत पोचवला. नेदरलँड्समध्ये एरिक बारेंड्स वगैरे लोकांचं यासाठी एक सेंटरच आहे, शिकवण्याचं बरंच मटेरियल त्यांनी फुकट ठेवलंय.

त्यांच्या मांडणीत पुरावा चार ठिकाणाहून येतो, प्रकाशित संशोधन, कंपनीचा स्वतःचा डेटा, काम करणाऱ्यांचा अनुभव आणि ज्यांच्यावर निर्णयाचा परिणाम होणार त्यांचं म्हणणं. आणि पायऱ्या सहा: नीट प्रश्न विचारा, पुरावा गोळा करा, तपासा, एकत्र मांडा, वापरा, आणि शेवटी काय झालं ते मोजा. टीका पण झाली बरं का, पुरावा कुणाचा, मालकाचा की कामगाराचा, असं विचारणारे प्राध्यापक आहेत आणि त्यांचा मुद्दा काही फालतू नाही.

वर्गात शिकवायला भरतीचा विषय मला सगळ्यात भारी वाटतो. १९९८ मध्ये श्मिट आणि हंटर यांनी ८५ वर्षांच्या संशोधनाची बेरीज मांडली. यात ० म्हणजे काहीच संबंध नाही आणि १ म्हणजे पूर्ण संबंध. पुढे माणूस कसं काम करेल याच्याशी हस्ताक्षराचा संबंध ०.०२, म्हणजे शून्यच, अनुभवाच्या वर्षांचा ०.१८, गप्पा मारल्यासारख्या इंटरव्ह्यूचा ०.३८ आणि सगळ्यांना तेच प्रश्न ठरवून विचारलेल्या इंटरव्ह्यूचा ०.५१. बुद्धिमत्ता चाचणी पण ०.५१. मग २०२२ मध्ये दुसऱ्या संशोधकांनी दाखवलं की आधीच्या हिशोबात दुरुस्त्या जास्तच लावल्या होत्या, आकडे खाली आले, ठरवून घेतलेला इंटरव्ह्यू ०.४२ वर राहून पहिला आला आणि बुद्धिमत्ता चाचणी ०.३१ वर घसरली. पोरांना हे दोन्ही दाखवायला पाहिजे, कारण पहिला आकडा पाठ करून पेपरात लिहिला तर तो दुसरा मास्लोच झाला.

आणि आपल्या शेजारचं उदाहरण, त्र्यंबक-जव्हार मार्गे उतरलं की तारापूर. तारापूर आणि उंबरगावच्या कापड कारखान्यांवर स्टॅनफर्ड आणि वर्ल्ड बँकेच्या लोकांनी २००८ पासून प्रयोग केला, अगदी औषधाची ट्रायल घेतात तसा. चिठ्ठी टाकल्यासारखे कारखाने निवडले, काहींना पाच महिने कन्सल्टंट दिले, बाकीच्यांना फक्त एक महिन्याचं निदान. शिकवलं काय तर साध्या गोष्टी, माल मोजा, डिफेक्टची नोंद ठेवा, मशीन बंद का पडलं ते लिहा, रोज मीटिंग घ्या. पहिल्याच वर्षी उत्पादकता १७ टक्के वाढली. त्यात अजून एक गोष्ट सापडली, कंपनी किती मोठी होणार हे घरात पुरुष किती आहेत यावर बरंचसं ठरत होतं, कारण बाहेरच्या माणसावर भरवसा नाही. आपल्याकडच्या फॅमिली बिझनेसमधल्या पोरांना हे वाचून दाखवा, हसतील आणि गप्प होतील. काही वर्षांनी तेच संशोधक परत जाऊन आले तर शिकवलेल्यातल्या अर्ध्या सवयी सुटल्या होत्या, तरी ते कारखाने बाकीच्यांपेक्षा पुढेच होते.

नाशिकसाठी वेगळी केस अमेरिकेहून मागवायची गरजच नाही. उन्हाळ कांदा काढला, चाळीत भरायचा की लगेच विकायचा? लासलगावचे रोजचे भाव मिळतात, साठवणुकीवर राजगुरुनगरच्या कांदा-लसूण संशोधन संस्थेचं आणि चितेगाव फाट्याच्या एनएचआरडीएफ या फलोत्पादन संशोधन संस्थेचं काम आहे, चाळीत वजन किती घटलं आणि सड किती निघाली हा शेतकऱ्याचा स्वतःचा डेटा, व्यापाऱ्याचा अंदाज हा अनुभव, आणि घरात सोसायटीचं कर्ज, लग्न, फी काय काय आहे ते घरच्यांचं म्हणणं. चारही सोर्स एका प्रश्नात. शिवाय डिसेंबर २०२३ मध्ये निर्यातबंदी झाली आणि मे २०२४ मध्ये उठली, असं काही झालं की सगळा हिशोब कोलमडतो, ते पण त्यात बसवून दाखवा म्हणावं. बहुतेक लोक चाळ भरतात ते एखाद्या साली भाव कडाडले होते त्या आठवणीवर, सगळ्या वर्षांचा हिशोब मांडून नाही.

अडचणी आहेतच. संशोधनाचे पेपर पैसे भरल्याशिवाय उघडत नाहीत. सरकारने वन नेशन वन सबस्क्रिप्शन आणलं, ६,००० कोटींची तीन वर्षांची योजना, २०२५ पासून सुमारे १३,००० जर्नल्स खुली झाली, पण सरकारी संस्थांना. नाशकातली एमबीएची बहुतेक कॉलेजं खाजगी, म्हणजे परत बाहेरच. आणि समर इंटर्नशिपचा रिपोर्ट कसा होतो ते सगळ्यांना माहितीये, गुगल फॉर्म मित्रांच्या ग्रुपवर फिरवायचा, शंभर रिस्पॉन्स आले की पाय चार्ट, शेवटी "कंपनीने सोशल मीडियावर लक्ष द्यावं" ही शिफारस, बाइंडिंग आणि व्हायवा.

यात कुणाला खरंच काही बदलायचं असेल तर मी सहाव्या पायरीपासून सुरुवात करीन. मोजायची पायरी आपल्या कुठल्याच रिपोर्टमध्ये नसते कारण तोपर्यंत पोरगा पास होऊन गेलेला असतो. पण कंपनी तर इथेच आहे, अंबडला नाहीतर सिन्नरला. या वर्षीच्या बॅचला नवीन सर्व्हे देण्याऐवजी गेल्या वर्षीच्या सिनियरचा रिपोर्ट हातात द्या आणि त्याच कंपनीत पाठवा, शिफारशींपैकी काय केलं, का केलं नाही, केलं त्याने आकडा हलला का एवढंच विचारून यायचं. बऱ्याच ठिकाणी रिपोर्ट कुणी उघडलाच नव्हता असं कळेल, तर तेच लिहून आणायचं.